गुडघ्यावरची शंभरी

मी माझ्या आईच्या गुडघ्याला टेबलाखालून सहा वेळा हात लावला. डॉक्टरांना ते दिसलं नाही. विसरण्याच्या त्या चाचणीत तिला जे गुण पडले, त्यातले सहा माझे होते. हे मी दीड वर्ष कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, ताईला नाही, ज्या मॅडमच्या हाताखाली वीस वर्षं काम करतो त्यांनाही नाही. मी मुळात कमी बोलणारा. ताई म्हणते, ह्याच्या तोंडून शब्द काढायचा तर पकड लागते. पण आता पन्नाशी उलटल्यावर आपणहून सांगायला बसलोच आहे, तर सरळ सांगतो.

आमचं घर विणकरांचं. वडील हातमागावर बसत आणि आई सांधणी करी. ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आले की ते सगळे काढून टाकत नाहीत. जुन्या धाग्यांची टोकं फणीतून तशीच लोंबती ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या एकेका टोकाला जोडतात. गाठ मारायची नाही, गाठ फणीत अडकते. चिमटीला चाळलेली राख लावायची, दोन टोकं एकावर एक ठेवायची आणि अंगठ्याने असा पीळ द्यायचा की दोनाचा एक झाला पाहिजे. असे हजारो धागे, आणि एक जरी सांध कच्चा राहिला तरी विणताना तो तुटणार.

आमच्या गल्लीत माझ्या आईसारखी सांधणी कोणाची नव्हती. मुलगा म्हणून म्हणत नाही. दुसऱ्या घरी नवा ताणा आला की तिथली माणसं आमच्या दारात येऊन उभी राहत. "काकू, तुमचाच हात पाहिजे." आई आधी म्हणायची, "काहून, तुमच्या घरच्या बायांचे हात मोडले का?" आणि मग राखेची वाटी घेऊन निघायची. तिने सांधलेला ताणा मागावर तुटला, असं माझ्या लहानपणी मी एकदाही ऐकलं नाही.

ती सांधत असताना शेजारी बसून धागे मोजायचं काम माझं. तिचं सगळं लक्ष बोटांत, आकडा तिच्या ध्यानात राहत नसे. मी मनात मोजायचो आणि शंभर झाले की तिच्या गुडघ्यावर हात ठेवायचो. बोलून उपयोग नव्हता, आजूबाजूच्या घरांतले माग इतके खडखडत की शेजारच्याचं ऐकू येत नसे. गुडघ्यावर हात म्हणजे थांब, शंभर भरले. ती तिथे लाल दोऱ्याची खूण बांधायची आणि पुढचे शंभर धरायची. ह्याला आम्ही शंभरी म्हणत होतो. ताईला त्या जागी बसायचं असायचं, पण ती बोलून मोजायची आणि मध्येच हसायची, म्हणून आई तिला उठवायची.

वडील गेले, माग बंद झाले. मी दोन वर्षं हिंगण्याला एका कारखान्यात काढली आणि मग एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागलो. तिथे मी उंदरांच्या मेंदूचे काप काढतो. ऐकायला कसंतरी वाटतं, मला कळतं. लग्नाच्या वेळी बायकोच्या घरी 'दवाखान्यात आहे' एवढंच सांगितलं होतं.

केसाहूनही पातळ काप. तो मिठाच्या पाण्यात तरंगत असतो आणि चित्रकाराच्या सगळ्यात बारीक कुंचल्याने उचलून काचेवर पसरायचा असतो. सुरकुती पडली की गेला. ओढला की फाटला. माझा काप फाटत नाही. मॅडम नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी माझ्या टेबलापाशी आणतात आणि म्हणतात, "काही विचारू नका, नुसता हात बघा." विद्यार्थी बघतात. तो हात माझा नाही, राखेच्या वाटीतून आला आहे, हे त्यांना मी कधी सांगितलं नाही. पण त्या वेळी मान जरा ताठ होते, हे कबूल करतो.

आमच्याकडे काम चालतं ते मेंदूतल्या राखणदार पेशींवर. त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. रक्तातून फिरणाऱ्या पहारेकऱ्यांना मेंदूत सहसा शिरकाव नसतो, म्हणून मेंदूने आपले वेगळे ठेवलेले असतात. रंग दिला की त्या काचेवर तपकिरी दिसतात. मधे छोटं अंग आणि चहूकडे बारीक फांद्यांसारखे हात. त्या हातांनी त्या आजूबाजूचं सारखं चाचपत राहतात. मेलेलं उचलतात, कचरा साफ करतात, मेंदूतल्या पेशी-पेशींमधले नकोसे झालेले सांधे काढून टाकतात. वय झालं की त्यांतल्या काहींचे हात आखडतात, अंग फुगतं. त्या उगाच चिडल्यासारख्या वागतात, साफसफाई राहून जाते आणि कधी कामाचे सांधेही तोडतात. म्हातारपणी आठवण जाते, त्यात ह्यांचा वाटा किती, हे मॅडम शोधत आहेत. मी शास्त्रज्ञ नाही. मी काप काढतो आणि पेशी मोजतो.

मोजायचा आमचा एक नियम आहे. काचेवरची चिठ्ठी झाकलेली असते. उंदीर म्हातारा की तरणा, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये, नाहीतर मन आकड्याला ओढतं. एकदा एका कापाच्या कडेला मीच पाडलेली खाच मला ओळखू आली आणि तो म्हाताऱ्या उंदराचा आहे हे कळून गेलं. मी लगेच जाऊन मॅडमना सांगितलं. त्यांनी तो सगळा डबा दुसऱ्याकडून मोजून घेतला. माझे चार दिवस वाया गेले, पण मला त्याचा अभिमान होता. अजून आहे. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

आई आमच्याकडे, शहराच्या कडेला वाडीला राहते. तिचं विसरणं सुरू झालं ते मला इतरांच्या फार आधी कळलं होतं. मीठ दोनदा. दार उघडून उभी, का उघडलं ते माहीत नाही. बोलताना शब्द सापडेना की मी तो पुढे करायचो. "ते रे, ते..." "चाळणी, माय." "हं, चाळणी." इतका चटकन की समोरच्याला वाटावं आम्ही दोघं मिळूनच बोलतो. बायको अंगणवाडीत जाते, माणसं ओळखते. ती एकदा म्हणाली, "तुम्ही त्यांना शोधू तरी द्या." मी ऐकलं नाही.

ताई उमरेडला. तिचा फोन आला. "बाबू, मायनं मले ओळखलं नाही फोनवर. कोण बोलून राहिली म्हणे."

"फोन खराब असन."

"फोन नाही खराब. तुहं ध्यान कुठं हाय? डॉक्टरले दाखव, नाहीतर मी घेऊन जातो तिले इकडे."

ते मला लागलं. आई माझ्याकडे असताना तिचं काही बिघडलं, असं कोणी म्हणायला नको होतं. मी तिला डॉक्टरकडे नेलं ते ताईला खोटं पाडायला.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते. आज वार कोणता, त्यांनी विचारलं. आई पुटपुटू लागली, "सोमवार, मंगळवार, बुधवार..." आणि माझा हात आपोआप तिच्या गुडघ्यावर गेला. ती थांबली. "बुधवार," ती म्हणाली. बरोबर. महिना विचारला तर चैत्र, वैशाख म्हणत निघाली, मी भाद्रपदावर हात ठेवला. तारीखही तशीच मोजली. शंभरातून सात वजा करा म्हटल्यावर ओठात उलटे आकडे मोजत उतरली, सात झाले की माझा हात. असं तीनदा. डॉक्टरांना वाटलं, म्हाताऱ्या माणसाची पुटपुटायची सवय. तीन शब्द दिले होते, त्यातले दोन मात्र तिचे तिने सांगितले.

"वयाच्या मानाने उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले.

पहिला हात चुकून गेला म्हणेन. बाकीचे पाच नाही.

त्या दिवशी आम्ही दोघांनी वाटेत तर्री-पोहे खाल्ले. मी ताईला तिथूनच फोन लावला, पोह्यांची प्लेट हातात धरून. "उत्तम म्हणाले डॉक्टर. उत्तम." मला जिंकल्यासारखं वाटलं. आईने तर्री आणखी मागून घेतली.

त्यानंतर दीड वर्ष मी झाकत राहिलो आणि ती उतरत राहिली. गॅस चालू राहिला. दाराला बाहेरून कडी लागायला लागली. ट्रकांच्या रस्त्यावर ती एकदा राखेची वाटी घेऊन उभी सापडली. कोणाकडे तरी सांधणीला निघाली होती. मी ताईला म्हणायचो, "उत्तम हाय."

मग ह्या वर्षीचा तो दिवस. बायकोचं प्रशिक्षण होतं आणि आईला घरी एकटी ठेवायची सोय उरली नव्हती, म्हणून तिला मोटारसायकलवर मागे बसवून मी कामावर घेऊन गेलो. मॅडम म्हणाल्या, "बसू द्या इथेच, पंखा आहे." मी सूक्ष्मदर्शकावर मोजत होतो. तो पडद्याला जोडलेला असतो, पेशी मोठ्या दिसतात. आई खुर्ची ओढत ओढत पडद्यापाशी आली.

"हे काय होय गा?"

मी काही बोलायच्या आत मॅडमनी सांगितलं, "काकू, हा उंदराचा मेंदू आहे."

"उंदराले मेंदू राहते वं?"

"राहते ना काकू."

"मंगच आमच्या घरचा पिंजऱ्यात येत नव्हता." मॅडम मोठ्याने हसल्या. त्यांना असं घरच्या बाईसारखं वं म्हणणारं आमच्या इमारतीत दुसरं कोणी नाही.

आई पडद्याला नाक लावून बघत राहिली. तिथे एक पेशी होती, हात चहूकडे पसरलेली. आई म्हणाली, "हे सांधणीले बसली. पाह्य, कसे बारीक हात हायेत. सगळीकडे पुरून राहिले." मग मी काच सरकवली तशी दुसरी आली, फुगलेली, आखूड. "अन् हिचे हात आखडले. हिच्याच्यानं होत नाही आता."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान हलवली. मी काही सांगितलेलं नव्हतं, आणि चिठ्ठी झाकलेली होती.

मॅडमनी सहा छापील चित्रं टेबलावर मांडली. "काकू, ज्यांचे हात आखडले त्या बाजूला करा." आईने बोटाने एकेक चित्र चाचपलं, जसा सुताचा पोत बघावा, आणि दोन ढीग केले. पाच बरोबर निघाली. सहाव्याबद्दल मॅडमचं आणि माझंही आधीपासून एकमत नव्हतं. "विद्यार्थ्यांना हे नजरेत बसायला महिने लागतात," मॅडम म्हणाल्या. सकाळी काय खाल्लं हे माझ्या आईला सांगता आलं नसतं, आणि ती हे करत होती. मला इतकं भरून आलं की मी उगाच काच पुसत बसलो.

मग ती आपणहून बोलायला लागली. जुनं तिला अजून स्पष्ट आठवतं.

"माह्या सासूचे असेच झाले होते हात. पीळच बसे ना. पण तिले सांगणार कोण? ती जेवाले उठली का मी तिचे कच्चे सांध उकलून पुन्हा सांधत होती. गल्लीत लोकं म्हणत, म्हातारीचा हात अजून तसाच हाय. ती फुगून जाय. मलेही बरं वाटे."

"मंग?" मी विचारलं. ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती.

"मंग मी बाळंतपणाले गेली, तुह्या ताईच्या वेळी. इकडे तिनं एकटीनं अख्खा ताणा सांधला. मागावर चढला अन् तुटत गेला, तुटत गेला. सगळे तिले बोलले. मले कोणी नाही बोललं." ती हसली, पण हसू चेहऱ्यावर राहिलं नाही. "आधीच सांगितलं असतं, तर ती मजेत कांड्यांवर सूत गुंडाळत बसली असती. मीच झाकत गेली ना."

हे तिने मला उद्देशून म्हटलं का, ते मला माहीत नाही. मी तिला विचारलंही नाही.

दुपारी आई खुर्चीत डुलकत असताना मी मॅडमना सांगितलं. सहा वेळा हात लावला, इथपासून. त्या म्हणाल्या, "काचेवरची चिठ्ठी तुम्ही कधी उलटून पाहिली नाहीत." मग म्हणाल्या, "आणि ह्या उंदरांवरून आईंना काय झालंय ते ठरवत बसू नका. ते ह्या कापांत दिसत नाही. उद्याच डॉक्टरांकडे न्या."

संध्याकाळी ताईला फोन केला. पकड लागली नाही, सगळं एका दमात बोललो. ताई म्हणाली, "लहानपणीही तूच बसे तिच्या बाजूले. मले एक दिवस शंभरी मोजू दिली नाही." आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती आली. माझ्याकडे बघितलं नाही, पण आईसाठी डब्यात धापोडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणले होते, त्यातले चार माझ्या ताटात वाढले.

डॉक्टर तेच. मी बसायच्या आधीच म्हणालो, "साहेब, मागच्या वेळचे सहा गुण माझे आहेत." त्यांना कळेना. मग त्यांनी जुना कागद काढला आणि विचारलं, "कोणते सहा?" मी एकेका रकान्यावर बोट ठेवत गेलो आणि ते पेनाने गोल करत गेले. ताई बघत होती. वार, महिना, तारीख आणि तीन वजाबाक्या. डॉक्टर रागावले नाहीत, हे सोसायला अवघड गेलं. रक्ताच्या चाचण्या त्यांनी लिहून दिल्या. पुढे त्यांत एक जीवनसत्त्व फार कमी निघालं आणि इंजेक्शनं सुरू झाली. मी विचारलं, दीड वर्षापूर्वी कळलं असतं तर? ते म्हणाले, "थोडं थांबवता आलं असतं. किती, ते मला सांगता येणार नाही." तो 'किती' मी सोबत घेऊन फिरतो. तो उतरवून ठेवायला हे लिहीत नाही.

चाचणी मात्र त्याच दिवशी पुन्हा झाली. मी आईच्या शेजारी बसलो, हाताची घडी घालून.

"आज वार कोणता, आजी?"

आई पुटपुटायला लागली. "सोमवार, मंगळवार..." आणि तिने गुडघा माझ्याकडे सरकवला. टेबलाखालून तो माझ्या गुडघ्याला टेकला. ती बुधवारवरून गेली, गुरुवारवरून गेली. शुक्रवार होता. मी हात काखेत दाबून धरला. शनिवार, रविवार, पुन्हा सोमवार. पूर्ण आठवडा फिरून ती दुसऱ्यांदा शुक्रवारवरून गेली, आणि मग थांबली. माझ्याकडे वळून बघितलं. आयुष्यात माझ्याच्याने इतकं अवघड काम झालेलं नाही, मेंदूचा काप उचलणं त्यापुढे काही नाही.

मग ती डॉक्टरांकडे वळली. पाठ सरळ केली, पदर नीट केला, आणि ज्या आवाजात ती शेजाऱ्यांना 'तुमचं सूतच कच्चं हाय' म्हणून सांगायची, त्या आवाजात म्हणाली, "नाही येत मले. लिहून घ्या."

महिना नाही आला. "लिहा." वजाबाकी एकही नाही. "तेही लिहा." तीन शब्दांतला एक आला. "किती झाले?" तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "एक, आजी." "मंग एकच लिहा. जास्तीचं नका लिहू." ताईने तोंडाला पदर लावला. माझ्या आईने तिथे एकेक गोष्ट स्वतःच्या तोंडाने नाही म्हणून सांगितली आणि एकदाही मान खाली घातली नाही. राखेची वाटी घेऊन ती गल्लीतून चालायची, तेव्हाही मला तिचा एवढा अभिमान वाटला नव्हता.

बाहेर आल्यावर पायरीवर ती थांबली. एक हात ताईच्या खांद्यावर, एक माझ्या.

"हात काहून नाही लावला गा?"

"आज तुहं तूच मोजायचं होतं, माय."

तिने त्यावर विचार केल्यासारखं केलं. "कमी भरले," ती म्हणाली.

"हो. कमी भरले."

"असू दे." मग रस्त्यापलीकडच्या गाडीकडे बघून म्हणाली, "पण पोहे तर खाऊ."

ताई म्हणाली, "चाल वं माय, आज मी बसतो तुह्या बाजूले." आणि मला कोपराने बाजूला करून तिचा हात धरून रस्ता ओलांडू लागली.